थंडीतला कटला: नाशिकच्या धरणांवर मोठा मासा गळाला कसा लावायचा

निफाडचा पारा सात-आठ अंशांवर उतरला की नाशिककडचे बरेच गळ टाकणारे रॉड गुंडाळून माळ्यावर ठेवतात. थंडीत मासा खात नाही, असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कटला हा मुळात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, उबदार पाण्याचा मासा. दख्खनच्या धरणांत तो बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून आणलेला. पाणी थंडावलं की त्याची भूक मंदावते, पण मरत नाही. दिवसातले मोजके तास आणि पाण्याचा एक ठरावीक थर, एवढ्यातच तो खातो. उन्हाळ्यात आमिष हातभर वर-खाली झालं तरी चालून जातं. थंडीत ते माशाच्या थरापासून मीटरभर खाली लटकत असेल, तर कटला दिवसभर वरून ये-जा करेल आणि तुमचा तरंगा जागचा हलणार नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा खोलीला दिली आहे. आमिषाच्या कृतींवर गळवाले तासन् तास बोलतात, पण थंडीतला रिकामा दिवस बहुतेक वेळा चुकीच्या खोलीमुळे रिकामा जातो.

कटल्याचं तोंड एकदा नीट पाहून घ्या, पुढचं सगळं त्यावरून कळतं. डोकं मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या दिशेने उघडणारं, मिशा नाहीत. हा मासा पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तोंडात ओढून कल्ल्यांतल्या गाळणीने गाळून खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतात. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी, तळाशी टणक गोळी ठेवायची पद्धत सायप्रिनससाठी उत्तम आहे, पण तिच्यावर कटला लागला तर तो नशिबाने. त्याच्यासाठी आमिष अधांतरी लटकलेलं, सावकाश विरघळत ढग सोडणारं हवं.

परवानगी आणि कुठे जायचं नाही

बहुतेक धरणांमधली मासेमारी मच्छिमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना ठेक्याने दिलेली असते. पाण्यातली बोटुकली त्यांनी पैसे घालून सोडलेली असते, म्हणून गळ टाकण्याआधी त्यांना विचारणं हा नियमाचा भाग आहे तसा सभ्यतेचाही. काठावरच्या गावात चौकशी केली की ठेका कोणाकडे आहे ते कळतं. शुल्क किती, मासा नेता येईल का, नेल्यास वजनावर पैसे द्यायचे का, हे आधीच बोलून घ्या. संध्याकाळी मासा हातात असताना वाद नको. धरणाची भिंत, दरवाजे, पाणी उपसा केंद्र यांच्या आसपास जाऊच नका. गंगापूर धरणातून नाशिक शहर पाणी पितं, तिथे जलसंपदा विभागाचे निर्बंध पाळायलाच हवेत. नांदूरमधमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिकडे रॉड घेऊन फिरकूही नये.

पाण्याच्या पोटातली जमीन

दारणा १९१६ चं, गंगापूर १९६५ चं, मुकणे त्यानंतरचं. प्रत्येकाचा तळ वेगळा आहे, पण चार गोष्टी सगळीकडे शोधायच्या: नदीचं जुनं पात्र, त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचे घळ, बुडालेल्या रस्त्यांचे आणि बांधांचे उंचवटे, आणि झाडांची थुटकं. इगतपुरी पट्ट्यातल्या धरणांच्या पोटात भातखाचरांचे बांध जसेच्या तसे आहेत. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असताना एक चक्कर मारून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काठावरचं एखादं ठळक झाड किंवा विजेचा खांब चौकटीत येऊ द्या, म्हणजे जानेवारीत तीच जागा पाण्याखाली ओळखता येते. थंडीतल्या मासेमारीतलं निम्मं काम खरं तर उन्हाळ्यातच होतं.

थंडीत कटला उथळ खाडीत फार थांबत नाही. रात्री तिथलं पाणी सगळ्यात आधी गार होतं. त्याला खोल पाण्याचा आधार जवळ हवा असतो. जिथे तळ काठापासून सावकाश उतरत येतो आणि मग दहा-पंधरा मीटरच्या अंतरात चार मीटरवरून सात मीटरवर जातो, अशी कड शोधा. ती कड काठापासून २५ ते ४० मीटरवर असेल, म्हणजे बेताच्या फेकीत, तर जागा पक्की समजा.

वाऱ्याचा विचार दोन बाजूंनी करावा लागतो. हलका वारा वरचं कोमट पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य समोरच्या काठाकडे ढकलतो. अशा दिवशी वारा तोंडावर घेणाऱ्या काठावर बसा. पण वारा बोचरा आणि जोराचा असेल तर तोच काठ सगळ्यात आधी गारठतो. तेव्हा टेकडीच्या आडोशाचा, दुपारभर ऊन मिळणारा काठ बरा.

आणि आवर्तन. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं की पातळी उतरू लागते आणि मासा काठापासून दूर सरकतो. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या अगदी कडेला एक काडी खोचा. तासाभरात काडी कोरड्यात आली आणि पाणी वीतभर मागे गेलं, तर त्या दिवशी फेक दहा मीटरने लांबवा. उतरलेल्या पाण्याने उघडा पडलेला गाळ मात्र फसवा असतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली मांडीभर चिखल. पुढे काठीने टोचत, टणक लागेल तिथेच पाऊल टाका. एकट्याने गाळात उतरू नका.

साहित्य

रॉड ११ ते १२ फुटांचा, ८० ते १५० ग्रॅम फेकता येईल असा. आखूड रॉडने दोरा पाण्यावरून उचलता येत नाही आणि वाऱ्यात त्याला पोट पडतं. रीळ ५००० किंवा ६००० मापाचं, ड्रॅग (ओढ वाढली की रिळातून दोरा सोडणारी यंत्रणा) गुळगुळीत सुटणारा. तंगूस ०.३८ मिलिमीटर जाडीचा साधा नायलॉन, साधारण दहा किलो ताण सहन करणारा, किमान २०० मीटर. विणलेला दोरा यासाठी टाळाच. तो ताणला जात नाही आणि कटल्याचे ओठ पातळ असतात. एका झटक्यात गळ ओठ फाडून बाहेर येतो. नायलॉन थोडा ताणला जातो, तो ताणच मासा वाचवतो.

याखेरीज ५० ग्रॅम पेलणारा सरकता तरंगा, २० ग्रॅमचं भोकाचं शिसं, रबरी मणी, मजबूत स्विव्हल (गरगर फिरणारी जोडकडी), चार-पाच सेंटीमीटर लांबीची तारेची स्प्रिंग (हिच्याभोवती आमिषाचा गोळा दाबायचा), ४ आणि ६ नंबरचे जाड तारेचे गळ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात हे लक्षात ठेवा), गळ बांधायला मऊ विणलेला दोरा, ८० ग्रॅमचं एक शिसं, पाण्याचा थर्मामीटर, हातात धरायचा वजनकाटा. शेवटच्या दोन वस्तू बहुतेकांकडे नसतात. दोन्ही स्वस्त आहेत आणि थंडीत दोन्हींवाचून अंदाजपंचे काम चालतं.

जोडणी अशी. मुख्य तंगुसावर आधी अडकण गाठ: जाड सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा तंगुसाला समांतर धरा, त्याचा फास करून तंगुसाभोवती सहा वेढे घ्या, थुंकीने ओला करून दोन्ही टोकं ओढा. टोकं दोन सेंटीमीटर मोकळी सोडा. अगदी मुळाशी कापलीत तर ती कडक होऊन रॉडच्या कड्यांत अडकतात. ही गाठ जोर लावला की तंगुसावर सरकते आणि एरवी जागेवर राहते. हिच्यावरच सगळी खोली ठरणार आहे. गाठीखाली बारीक भोकाचा मणी, मग तरंगा, मग २० ग्रॅमचं शिसं, रबरी मणी आणि स्विव्हल. स्विव्हलच्या खालच्या कडीला ३० सेंटीमीटर तंगूस आणि त्याच्या टोकाला स्प्रिंग. स्प्रिंगच्या वरच्या कडीला दोन गळ: एक सहा सेंटीमीटर दोऱ्यावर, दुसरा दहा सेंटीमीटरवर.

बाजारात एका स्प्रिंगला सहा-सहा, आठ-आठ गळ लावून मिळतात. ते घेऊ नका. जास्तीचे गळ तोंडात लागत नाहीत, झुंजीत माशाच्या डोळ्यात, कल्ल्यात, पोटाला रुततात, आणि थुटकात अडकले तर सगळा साज तिथेच राहतो. दोन गळ पुरतात. गळाचं टोक नखावर टेकवून हळूच ओढा. घसरलं तर बोथट आहे, रुतलं तर चांगलं.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोरा कड्यांतून ओवून टोकाला वजनकाटा बांधा, जोडीदाराला तो धरायला द्या, रॉड जमिनीशी ४५ अंशांत धरा आणि त्याला सावकाश मागे चालायला सांगा. रीळ सुटायला लागेल तेव्हा काट्यावर दोन किलोच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. दहा किलोच्या तंगुसाला दोन किलो कमी वाटतं खरं. पण गाठीत ताकद घटते, रॉडच्या वाकण्यात आणि लांब दोऱ्याच्या पाण्यातल्या ओढीत भर पडते, आणि शेवटी प्रश्न पातळ ओठाचा असतो.

खोली मोजणे

आता मुख्य काम. स्प्रिंगच्या जागी ८० ग्रॅमचं शिसं लावा. अडकण गाठ शिशापासून अंदाजे चार मीटरवर सरकवा आणि जिथे मासेमारी करायची तिथे फेका. रीळ मोकळं ठेवा, म्हणजे शिसं सरळ खाली जाईल. आता तरंगा पाहा. तो बुडाला, तर पाणी चार मीटरपेक्षा खोल आहे. गाठ अर्धा मीटर वर सरकवून पुन्हा फेका. तरंगा पाण्यावर आडवा लोळला, तर गाठ जास्त वर गेली, खाली आणा. फक्त शेंडा बाहेर ठेवून तो ताठ उभा राहिला की गाठीपासून शिशापर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागेची खोली. रॉडवर आधीच फुटाफुटावर खुणा करून ठेवल्या असतील तर काठावर टेप शोधावी लागत नाही.

शिसं ओढून आणताना हाताला काय जाणवतं तेही टिपा. चिकट, जड ओढ म्हणजे गाळ. खरखर म्हणजे मुरूम किंवा खडी. थांबून सुटलं, पुन्हा थांबलं, तर खाली थुटकं आहेत. तिथून पाच मीटर बाजूला व्हा. पंख्याच्या पात्यांसारखं डावीकडून उजवीकडे पाच-सहा ठिकाणी मोजा आणि वहीत आकडे मांडा. अर्धा तास जातो. हा अर्धा तास वाचवणारे लोकच पुढे सहा तास वाया घालवतात.

खोली कळली, आता आमिष किती खाली? त्यासाठी पाण्यात दिवसभर काय घडतं ते समजून घ्यायला हवं. थंडीच्या रात्री वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसतं, खालचं वर येतं. सकाळपर्यंत वरून खालपर्यंत पाणी जवळपास सारख्याच तापमानाचं झालेलं असतं. मासा तेव्हा सुस्त, मधल्या थरात जवळपास स्थिर. साडेदहा-अकरानंतर ऊन वरचे एक-दोन मीटर पाणी अंशा-दीड अंशाने तापवतं. एवढ्याशा फरकानेही कटला त्या थरापाशी वर येतो. चारनंतर ऊन कललं की पुन्हा खाली.

हे आपल्या धरणात तपासायचं असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीला खाली शिसं आणि गळ्याशी दोरी बांधा, झाकणाला दोन भोकं पाडा, आत थर्मामीटर ठेवा. एक मीटरवर पाच मिनिटं बुडवून झटकन वर ओढा, आकडा वाचा. मग तीन मीटरवर, मग पाचवर. काठ उथळ असेल तर दोरी लांब ठेवून फेकून बुडवता येते. पाणी २० अंशांच्या वर असेल तर दिवस चांगला धरा. १८ च्या खाली गेलं तर मासा खाईल, पण थोडा आणि दुपारीच.

उदाहरणाने सांगायचं तर पाणी सहा मीटर आहे असं समजा. सकाळी पहिली फेक निम्म्यावर, म्हणजे तीन मीटरवर. चाळीस मिनिटं काही हालचाल नाही, तर गाठ अर्धा मीटर खाली घ्या, म्हणजे आमिष अडीच मीटरवर येईल. मग दोनवर, मग दीडवर. दुपारी एक ते साडेतीन हा वरच्या थराचा वेळ. चारनंतर उलट दिशेने अर्ध्या-अर्ध्या मीटरने पुन्हा खोल जा. दोन रॉडांची परवानगी असेल तर एक दोन मीटरवर आणि दुसरा साडेतीनवर ठेवून सुरुवात करा; ज्याच्यावर पहिली हालचाल होईल त्या खोलीला दुसराही आणा. एक गोष्ट करू नका: दर दहा मिनिटांनी खोली बदलणं. गोळ्याचा ढग तयार होऊन मासा त्यापर्यंत यायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

गोळा

एका रॉडला एका दिवसाचं प्रमाण: भाजक्या हरभऱ्याचं पीठ ५०० ग्रॅम, भाताचा बारीक कोंडा ३०० ग्रॅम, कुटून चाळलेली शेंगदाण्याची पेंड २०० ग्रॅम, शिळ्या पावाचा चुरा २०० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, भाजून कुटलेली मेथी एक चमचा, बडीशेप दोन चमचे. कोंडा इगतपुरी-घोटीकडच्या भातगिरणीवर ताजा मिळतो. जुना कोंडा खवट होतो, वास घेऊनच घ्या.

उन्हाळ्यात पेंड यापेक्षा बरीच जास्त घालतात. थंडीत तेलकट खाद्य माशाला लवकर पचत नाही, तो थोड्यात तृप्त होऊन निघून जातो. मैदाही कमीच. गार पाण्यात गोळा तसाही उशिरा सुटतो, त्यात मैदा वाढवला तर तो दगडासारखा लटकत राहतो.

कोरडं सगळं आधी एकजीव करा. त्याच धरणाचं पाणी घ्या आणि एकूण ४०० ते ५०० मिलिलिटर तीन हप्त्यांत घाला. पहिल्या हप्त्यानंतर बोटांच्या टोकांनी फेसत राहा, भाकरीसारखं मळू नका. मळलं की चिकटपणा वाढतो. दुसऱ्या हप्त्यानंतर वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली झाका. कोंडा आणि चुरा पाणी पितात, सुरुवातीला ओलं वाटलेलं मिश्रण नंतर कोरडं पडतं. मग शेवटचं पाणी शिंपडत घाला. मूठ आवळली की घट्ट राहावं आणि अंगठ्याने दाबलं की भुगा व्हावा, ही परीक्षा. दीड-पावणेदोन किलो मिश्रण होतं, त्यात ८० ते ९० ग्रॅमचे, लहान मोसंबीएवढे वीसेक गोळे होतात.

फेकण्याआधी एक गोळा बादलीत सोडून घड्याळ लावा. दोन-तीन मिनिटांत कडेने धूर सुटावा तसे कण सुटायला हवेत आणि वीस ते पंचवीस मिनिटांत स्प्रिंग मोकळी व्हायला हवी. पाच मिनिटांत विरघळला तर मिश्रण जास्त कोरडं किंवा कमी दाबलेलं आहे. अर्धा तास होऊनही गाभा शिल्लक असेल तर चमचाभर कोंडा घालून पुन्हा फेसा. हवेतच गोळा फुटत असेल तर दोष बहुतेक वेळा फेकीचा असतो: झटका देऊ नका, रॉड डोक्यावरून सावकाश, झोक्यासारखा आणा.

स्प्रिंगभोवती गोळा दाबताना गळ आत पुरू नका. दोन्ही गळ बाहेर लोंबू द्या आणि टोकांवर वाटाण्याएवढा पावाचा मऊ चिमटा लावा. कटला गोळ्याला चावत नाही. गोळ्याभोवतीचं ढगाळ पाणी तोंडात ओढतो, आणि त्या ओढीबरोबर हलका चिमटा आत जातो.

काठावरून वेगळा चारा फेकायचा मोह थंडीत आवरा. उन्हाळ्यात टोपलीभर टाकलेला चालतो. आता तो न खाल्ला जाता तळाशी आंबतो आणि तुमच्या जागेवर मृगळ-सायप्रिनस गोळा होतात. पहिल्या तासात गोळा दर पंधरा मिनिटांनी बदलून एकाच जागी टाका, तेवढाच चारा बास. पुढे पंचवीस मिनिटांनी.

एकाच जागी पडण्यासाठी बरेच जण दोरा रिळाच्या क्लिपमध्ये अडकवतात. फेक झाल्यावर तो काढायला विसरलात आणि सहा किलोचा कटला पळाला, तर पुढचा आवाज तंगूस तुटल्याचा असेल. त्यापेक्षा हव्या त्या अंतरावर तंगुसावर रंगीत दोऱ्याची एक गाठ बांधा. ती बोटाखालून गेली की अंतर कळतं.

तरंगा वाचणे

नवा गोळा लावलेला तरंगा पाण्याबाहेर साधारण तीन बोटं दिसतो. पीठ पाण्यात हवेपेक्षा बरंच हलकं भरतं, तरी गोळा सुटत जातो तसा तरंगा बोटभर वर येतो. वर येऊन स्थिर झाला की स्प्रिंग मोकळी झाली. ओढा आणि नवा लावा.

मासा आल्याची पहिली खूण म्हणजे थरथर: तरंगा बुडत नाही, त्याच्याभोवती बारीक वर्तुळं उठतात. कटला जवळ फिरतोय, पाणी ढवळतंय. हात रॉडवर ठेवा, पण उचलू नका. मग दोनपैकी एक घडतं. तरंगा तिरका होत सरळ खाली जातो, किंवा एकदम वर उचलला जाऊन आडवा पडतो. दुसरी खूण नवख्यांना कळत नाही. मासा गोळ्यासकट वर गेला की तरंग्यावरचं वजनच उतरतं. दोन्हींत रॉड जोरात हिसकू नका. रिळाने सैल दोरा गोळा करा आणि वजन जाणवेपर्यंत रॉड बाजूला ओढत न्या. गळ धारदार असेल तर तेवढ्यात रुततो.

तरंगा सारखा नाचतोय आणि गोळा पाच-सहा मिनिटांत संपतोय, तर खाली तिलापियाची पिल्लं आहेत. मीटरभर खोल जा. तरीही थांबलं नाही तर जागा बदला, ती पिल्लं पाठ सोडत नाहीत.

दिवस कोणता निवडायचा? थंडीची लाट आली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जाऊ नका. तापमान कमी असलं तरी तीन-चार दिवस एकसारखं टिकलं की मासा त्याला सरावतो. सगळ्यात चांगला काळ म्हणजे ढगाळ हवा आणि उबदार रात्र. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना हीच हवा भुरी रोगाच्या भीतीने झोपू देत नाही. त्यांच्या बांधावरून धरणाकडे जाताना आनंद आवरता घ्यावा. सकाळी सहाला पोहोचून कुडकुडण्यात काही हशील नाही. साडेनऊला पोहोचा, खोली मोजा, साडेदहाला पहिला गोळा पाण्यात. संध्याकाळी अंधाराआधी सामान आवरा. जिल्ह्यात बिबट्याचा वावर धरणकाठच्या उसापर्यंत आहे. दोघे-तिघे मिळून जा आणि परतीची वाट उजेडातच धरा.

मासा लागल्यावर

कटला उडी मारत नाही. पहिली धाव जड आणि सरळ असते, तीस-चाळीस मीटर दोरा सहज जातो. जाऊ द्या. ड्रॅग आवळायला हात जातोच. तो आवरणं हीच या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट. थुटकांकडे वळला तर रॉड आडवा करून, जमिनीला समांतर, उलट बाजूला ताण द्या. डोकं वळलं की सगळा मासा वळतो. रॉड सरळ वर धरून अशा वेळी नुसतं वजन उचललं जातं, दिशा बदलत नाही. मासा थांबला की रॉड सावकाश मागे, मग खाली आणताना रीळ फिरवायचं. ताण क्षणभरही सैल नको, पातळ ओठातलं भोक रुंदावलेलं असतं आणि गळ तिथूनच निसटतो.

आठ-दहा किलोच्या माशाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागला की दमला. काठावरची जाळी मऊ दोऱ्याची, ७०-८० सेंटीमीटर तोंडाची आणि दांडा दोन मीटर हवा. गाळामुळे पाण्याच्या कडेला जाता येत नाही, तिथे आखूड दांड्याची जाळी नसल्यासारखीच. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून तिच्यावर ओढून आणा. जाळी घेऊन माशामागे धावलात तर लोंबता दुसरा गळ जाळीत अडकतो आणि मासा एका शेपटीच्या फटक्यात जातो. मोठे मासे बहुतेक याच शेवटच्या दोन मीटरमध्ये सुटतात.

सोडायचा असेल तर हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. गळ चिमट्याने काढा. फोटोपुरता उचला आणि लगेच पाण्यात सरळ, पोट खाली धरून ठेवा. शेपटी स्वतःहून जोर लावेल तेव्हाच हात काढा. महासीर लागला तर तो सोडायचाच. कासव लागलं तर दोरा तोंडाशी कापून जमेल तर गळ काढा. आपल्याकडची गोड्या पाण्यातली कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

घरी न्यायचा मासा तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक नेमका घाव, लगेच कल्ल्याखाली काप, रक्त पाण्यात वाहू द्या, आणि मग माशाच्या वजनाइतकाच फोडलेला बर्फ. पाच किलोला पाच किलो. आतडं काठावर टाकू नका, कुत्री आणि बिबटे तिथेच यायला शिकतात.

तुटलेल्या तंगुसाचा एकेक तुकडा खिशात घाला. संक्रांतीच्या सुमारास येवल्यापासून नाशिकपर्यंत मांज्याने पक्षी कापले जातात म्हणून आपण हळहळतो. काठावरच्या झुडपात राहिलेला तंगूस बगळ्याच्या पायाला तेच करतो, आणि तो वर्षानुवर्षं कुजत नाही.

वहीत रोज एवढं लिहा: तारीख, पाण्याचं तापमान एक आणि तीन मीटरवर, वारा कुठून, काडी किती कोरडी पडली, पहिली थरथर किती वाजता आणि आमिष किती खोल. महाशिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत गेली की हे आकडे बदलू लागतात. कटला सकाळीच वर येतो, आमिष मीटर-दीड मीटरवर आणावं लागतं, पेंडेचं प्रमाण दुप्पट करता येतं आणि गोळा पंधरा मिनिटांत सुटतो म्हणून मैदा थोडा वाढवावा लागतो.